स्नेहसंमेलनात अ‍ॅनिमेची गाणी: विद्यार्थ्यांच्या बँडने निवड कशी करावी

डोरेमॉन आणि शिनचॅन हिंदीतून पाहत वाढलेली मुले आठवी-नववीत पोहोचली की नारुतो, वन पीस, डीमन स्लेयर अशा अ‍ॅनिमेकडे, म्हणजे जपानी कार्टून मालिकांकडे, वळतात, आणि त्यांच्यापैकी कोणाच्या हाती गिटार किंवा कीबोर्ड असेल तर यंदाच्या गॅदरिंगला अ‍ॅनिमेचेच गाणे बसवायचे, असा हट्ट वर्गात सुरू होतो. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागातल्या शाळांमधून असे बँड बसवणाऱ्या संगीत शिक्षकांसाठी आणि खुद्द मुलांसाठी हे टिपण आहे. हट्ट चांगलाच आहे, पण तो पुरवताना गाणे जपून निवडावे लागते. मोबाइलवर ऐकताना सोपे वाटणारे गाणे स्टुडिओत अनेक ट्रॅक एकावर एक रचून तयार झालेले असते आणि शाळेच्या रंगमंचावर त्यातले चार-पाचच हाती उरतात. म्हणून निवडीची सुरुवात गायकाच्या गळ्यापासून करावी, मग हाताशी असलेल्या वाद्यांकडे वळावे, आणि गाणे किती गाजलेले आहे हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारावा. बहुतेक बँड नेमका उलटा क्रम धरतात आणि डिसेंबर उजाडला की गाणे बदलायची वेळ त्यांच्यावर येते.

आधी गळा

गाण्यांची यादी करण्यापूर्वी गायकाच्या आवाजाचा पल्ला मोजून वहीत लिहावा. त्यासाठी शाळेची जुनी पेटी वापरू नये. अनेक पेट्या वर्षानुवर्षांच्या वापराने थोड्या उतरलेल्या किंवा चढलेल्या असतात, त्यामुळे जो कीबोर्ड रंगमंचावर वाजणार आहे त्यावरच मोजणी करावी. गायक मुलीला कीबोर्डाशेजारी उभे करून मधल्या सप्तकातल्या पांढरी एकपासून (इंग्रजी नावांत सी) काळ्या-पांढऱ्या धरून एकेक पट्टी खाली न्यावी आणि प्रत्येक स्वर 'आ' म्हणत तीन-चार सेकंद धरायला सांगावा. आवाजात नुसती हवा येऊ लागली की त्याच्या आधीची पट्टी हे तिचे खालचे टोक होय. वर जाताना कानांइतकेच डोळ्यांनीही पाहावे. हनुवटी पुढे येऊ लागली, मानेच्या शिरा दिसू लागल्या किंवा टाचा उचलल्या गेल्या की स्वर लागत असला तरी तो ओढून लावलेला असतो. त्याच्या आधीची पट्टी हे वरचे टोक मानावे.

आता गाण्याचा सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा स्वर शोधून शेजारी लिहावा. समजा, मुलीचा आवाज खालच्या सप्तकातल्या पांढरी सहापासून वरच्या सप्तकातल्या काळी दोनपर्यंत स्वच्छ लागतो, आणि गाणे मधल्या काळी एकपासून वरच्या पांढरी चारपर्यंत जाते. हे गाणे चार पट्ट्या खाली उतरवले तर त्याचा वरचा स्वर वरच्या काळी एकवर येतो आणि तिच्याकडे दोन पट्ट्या राखीव राहतात. खालचा स्वर मात्र नेमका खालच्या पांढरी सहावर, म्हणजे तिच्या टोकावरच येऊन थांबतो. असे गाणे जेमतेम बसते. पाचवी पट्टी उतरवली की खालचे शब्द माइकमध्ये ऐकूच येणार नाहीत. वरच्या बाजूला दोन पट्ट्या राखीव असाव्यात असा माझा आग्रह असतो, कारण जानेवारीतल्या थंडीत, संध्याकाळी उघड्या मैदानावर, समोर पाचशे माणसे बसलेली असताना सरावात लागणारा शेवटचा स्वर लागेलच याची खात्री देता येत नाही.

ही मोजणी करताना गाणे अखेरपर्यंत ऐकावे. जपानी लोकप्रिय संगीतात शेवटचे ध्रुवपद, ज्याला तिकडे 'साबी' म्हणतात, एक-दोन पट्ट्या वर चढवण्याची रीत बरीच रूढ आहे आणि पहिल्या दीड मिनिटात तिचा पत्ताही लागत नाही. चढवण अवघड जात असेल तर ती सरळ गाळावी. शाळेच्या श्रोत्यांपैकी कोणाच्याही ते लक्षात येणार नाही.

आठवी ते दहावीच्या मुलग्यांच्या बाबतीत आणखी एक काळजी घ्यावी लागते. या वयात आवाज फुटतो, आणि सप्टेंबरमध्ये मोजलेला पल्ला डिसेंबरमध्ये तसाच राहील असे गृहीत धरता येत नाही. अशा मुलाला एकट्याने गायला लावण्याऐवजी दोन गायक ठेवावेत आणि महिन्यातून एकदा पुन्हा मोजणी करावी. मुलींनी गायलेली कितीतरी लोकप्रिय गाणी मुलग्यांना हवी असतात. अशा वेळी गाणे सरळ एक सप्तक खाली आणले तर ते बहुधा पाताळात जाते, म्हणून चार ते सहा पट्ट्या उतरवून पाहावे. याउलट 2014 मधल्या 'टोक्यो घूल' या मालिकेचे 'अनरॅव्हल' पुरुषाने गायलेले असूनही त्याचा मोठा भाग अतिशय उंच, कृत्रिम आवाजात आहे. ते ऐकायला सुंदर आहे, पण आवाज फुटत असलेल्या मुलाच्या हाती ते देऊ नये.

पट्टी बदलली की गिटारवाल्यांची कुरकुर सुरू होते. कीबोर्डवर ट्रान्सपोजचे बटण दाबून काम भागते, गिटारवर मात्र कॅपोने, म्हणजे दांडीवर लावायच्या चिमट्याने, सूर फक्त वर चढतो, खाली येत नाही. त्यावर उपाय सोपा आहे. ई मायनरमधले गाणे चार पट्ट्या खाली आणले की सी मायनर होते. तिसऱ्या फ्रेटवर कॅपो लावून ए मायनरचे आकार धरले की तेच सी मायनर वाजते आणि बोटांना बार कॉर्डचा (एका बोटाने सगळ्या तारा दाबण्याचा) त्रासही फारसा होत नाही.

मग वाद्ये

शाळेच्या बँडमध्ये बहुधा एक-दोन अकूस्टिक गिटार, एक कीबोर्ड, कहोन (वर बसून हातांनी वाजवायचा लाकडी खोका) किंवा भाड्याचा ड्रमसेट आणि क्वचित बेस गिटार एवढेच असते. या संचाला कोणते गाणे पेलेल हे ओळखण्याची एक ढोबळ कसोटी आहे. मूळ गाणे मोजक्या वाद्यांच्या प्रत्यक्ष बँडने वाजवलेले असेल तर ते उतरते. स्टुडिओत सिंथेसायझर, व्हायोलिन आणि कोरस यांचे थर चढवून बनवलेले असेल तर थर काढल्यावर मागे फारसे काही उरत नाही. 'नारुतो'चे 'हारुका कानाता' हे आशियन कुंग-फू जनरेशन या चौघांच्या बँडचे गाणे आहे आणि 'नारुतो शिप्पुडेन'मधले 2014 सालचे 'सिल्हूएट' हे काना-बून या बँडचे. ही दोन्ही गाणी गिटार, बेस आणि ड्रम एवढ्यावर उभी राहतात. मात्र 'हारुका कानाता'ची सुरुवातच बेस गिटारने होते. बेस वाजवणारे कोणी नसेल तर ते तुकडे कीबोर्डच्या डाव्या हाताला द्यावे लागतील आणि त्यासाठी तसा हात तयार असावा लागेल. 2023 मधले योआसोबी या जोडीचे 'आयडॉल' याच्या अगदी दुसऱ्या टोकाला आहे. मिनिटाला 166 ठोक्यांची लय, पुन्हा पुन्हा बदलणारी पट्टी आणि संगणकावर रचलेले ध्वनी असलेले हे गाणे मुलांच्या यादीत सर्वांत वर असते. माझ्या यादीत ते सर्वांत खाली आहे.

ज्या मालिकांमध्ये शाळकरी मुलांचे बँड दाखवले आहेत त्यांची गाणी निवडणे हा दुसरा मार्ग आहे. 2009 मध्ये आलेल्या 'के-ऑन!'मधला बँड पाच मुलींचा असून त्यात कीबोर्ड आहे, त्यामुळे त्याची गाणी आपल्याकडच्या संचाला जवळची पडतात. 2022 मधल्या 'बोच्ची द रॉक!'मध्ये दोन गिटार, बेस आणि ड्रम आहेत, पण त्या गाण्यांतल्या दोन गिटारी एकमेकींत गुंतलेल्या असतात आणि एक काढली की वीण उसवते. 'सुझुमिया हारुही'च्या 2006 सालच्या मालिकेत शाळेच्या उत्सवात आयत्या वेळी रंगमंचावर उभे राहून म्हटलेले 'गॉड नोज' हे गाणे आहे आणि प्रसंग जुळतो म्हणून मुले ते हमखास सुचवतात. त्यातली गिटार फार वेगवान आहे. कथेत ती वाजवणारी मुलगी माणूसच नाही, हे मुलांना आठवण करून दिले की चर्चा लवकर संपते.

ड्रमसाठी माणूस शोधायला आपल्या भागात दूर जावे लागत नाही. गणेशोत्सवात ढोल-ताशा वाजवणारी, झांजपथकात आणि लेझीममध्ये घोटलेली मुले प्रत्येक वर्गात असतात, आणि त्यांची लय पक्की असते. त्यांना अवघड जाते ते पायाने बास ड्रम वाजवत हाताने वेगळे काही करणे. म्हणून नवशिक्याला मिनिटाला 120 ते 140 ठोक्यांचे गाणे द्यावे. 2019 मधले लिसा या गायिकेचे 'गुरेंगे' साधारण 135 ठोक्यांचे आहे, त्यामुळे लयीच्या दृष्टीने ते आवाक्यात येते. गायिकेची मात्र ते चांगलीच परीक्षा घेते. कसोटी अशी घ्यावी: मोबाइलवर मेट्रोनोम (एकसारखे ठोके देणारे अ‍ॅप) लावून ध्रुवपद न थांबता चार वेळा वाजवायला सांगावे आणि चौथ्या वेळी लय पुढे पळते की मागे पडते ते पाहावे. पडत असेल तर लय दहा ठोक्यांनी उतरवून पुन्हा पाहावे. वीस ठोके उतरवूनही जमत नसेल तर गाणे बदलावे, कारण त्याहून संथ केलेले रॉक गाणे रडगाणे होते.

ड्रमसेट मिळणारच नसेल तर बिचकू नये. 2001 च्या 'स्पिरिटेड अवे' या चित्रपटाचे शेवटचे गाणे, 'इत्सुमो नान्दो देमो', तीन मात्रांच्या झुलत्या लयीत आहे आणि मूळ गाण्यात लायर या तंतुवाद्याची साधी साथ आहे. तबल्यावर दादरा धरून, एक गिटार आणि बासरी घेऊन ते उत्तम होते. मिरवणुकीत बेंजो वाजवणारा एखादा मुलगा शाळेत असेल तर त्यालाही जरूर घ्यावे. लीड गिटारची धून बेंजोवर अशी काही खणखणीत निघते की मागच्या रांगेतले लोक उठून पाहतात. जपानी संगीतात मध्यम आणि निषाद वगळलेली पाच स्वरांची सप्तकेही बरीच वापरली जातात, आणि ती आपल्या भूपाशी मिळतीजुळती असल्याने पेटीवर हात बसलेल्या मुलांना अशी धून लवकर सापडते.

गायक पुष्कळ आणि वादक थोडे असतील तर 'युअर लाय इन एप्रिल'चे 2014 मधले 'हिकारु नारा' पाहावे. गूस हाउस या गटाने ते अनेक आवाजांत वाटून गायले आहे, त्यामुळे सहा-सात मुलांना एकेक ओळ देता येते आणि कोणा एकाच्या गळ्यावर भार पडत नाही.

दीड मिनिट की चार मिनिटे

टीव्हीवर मालिकेच्या सुरुवातीला लागणारे गाणे सुमारे 90 सेकंदांचे असते आणि पूर्ण गाणे चार मिनिटांच्या आसपास जाते. श्रोत्यांतल्या मुलांना फक्त ते 90 सेकंद पाठ असतात. दुसरा अंतरा सुरू झाला की त्यांचाही उत्साह ओसरतो, मग पहिल्या रांगेतले पाहुणे आणि मागच्या रांगेतल्या आज्या यांची गोष्टच नको. त्यामुळे टीव्हीवरचा तुकडा, त्यानंतर आठ मात्रांचा एखादा वाद्यतुकडा आणि पुन्हा एकदा ध्रुवपद, अशी अडीच मिनिटांची मांडणी करावी. गॅदरिंगमध्ये एका कार्यक्रमाला पाच-सहा मिनिटे मिळतात, त्यात अशी दोन गाणी नीट बसतात.

गाण्याची सुरुवात कशी होते हेही निवडताना पाहावे. 'नारुतो शिप्पुडेन'चे 2008 मधले 'ब्लू बर्ड' आणि 'इव्हॅन्जेलियन'चे 1995 मधले 'झान्कोकु ना तेन्शी नो तेझे' ही दोन्ही गाणी थेट गायिकेच्या आवाजाने सुरू होतात. आधी स्वर देणारे वाद्य नसल्यामुळे घाबरलेली मुलगी पहिलाच शब्द भलत्या पट्टीत उचलते आणि मागून आलेला कीबोर्ड तिला उघडे पाडतो. असे गाणे घ्यायचेच असेल तर कीबोर्डवाल्याने षड्ज धरावा, ड्रमवाल्याने काठ्यांवर चार ठोके मोजावे आणि मगच गायिकेने उचल घ्यावी. हे प्रत्येक सरावात करावे, नाहीतर रंगमंचावर नेमके हेच विसरले जाते.

शब्द

जपानी उच्चार मराठी मुलांना वाटतात तितके परके नाहीत. अडचण होते ती शब्द इंग्रजी लिपीतून वाचल्यामुळे. तसे करू नये. गाणे ओळीओळीने ऐकून ते देवनागरीत उतरवून घ्यावे. जपानीतला 'त्सु' हा आपल्या 'चूल'मधल्या चपासून फार दूर नाही, आणि 'झु' म्हणताना 'जुना'मधला ज जवळ जातो. इंग्रजीतून वाचणारी मुले मात्र तिथे 'ट्सू' म्हणतात. दीर्घ स्वर पूर्ण लांबीचा ओढावा, कारण तो आखडला की पुढची सगळी ओळ तालात पुढे सरकते. 'देसु'सारख्या शब्दातला शेवटचा उकार जवळजवळ ऐकू येत नाही, तिथे जोर देऊ नये. वेगवान गाण्यात एका ठोक्यावर किती अक्षरे पडतात ते आधी टाळीवर म्हणून पाहावे, आणि टाळीवर जीभ अडखळत असेल तर ते गाणे बाजूला ठेवावे.

अर्थाकडे दुर्लक्ष करून चालत नाही. गाण्याचा भावार्थ मराठीत एका पानावर लिहून मुख्याध्यापकांकडे आणि सांस्कृतिक विभागाच्या शिक्षकांकडे सप्टेंबरमध्येच द्यावा. परक्या भाषेतल्या गाण्याला शेवटच्या आठवड्यात जो नकार मिळतो, तो बहुधा गाण्याला नसून माहिती नसण्याला असतो. 'आयडॉल'मध्ये चाहत्यांसमोर खोटे हसणाऱ्या तारकेची कथा आहे, 'टोक्यो घूल' आणि 'डीमन स्लेयर' या मालिकांत रक्तपात भरपूर आहे. गाणे निर्दोष असले तरी मागच्या पडद्यावर मालिकेतली दृश्ये दाखवण्याचा मोह टाळावा. पहिली-दुसरीची मुले पुढेच सतरंजीवर बसलेली असतात.

समोर बसलेली माणसे

सीमाभागातल्या शाळेचा श्रोतृवर्ग एकजिनसी नसतो. मराठी घरातल्या आज्या, कन्नड शिकवणारे शिक्षक, कोकणी आणि उर्दू बोलणारे शेजारी असे सगळे एकाच मांडवात बसतात, आणि त्यांच्यापैकी बहुतेकांनी जपानी गाणे पूर्वी कधी ऐकलेले नसते. त्यामुळे निवेदकाने गाण्यापूर्वी मराठीत दोन आणि कन्नडमध्ये दोन वाक्ये सांगावीत: गाणे कोणत्या मालिकेचे आहे आणि त्यात काय म्हटले आहे. एवढ्यानेच मांडवातली कुजबुज थांबते. दोन गाण्यांमध्ये पहिले शांत घ्यावे, ज्यात सुरावट मोठ्यांनाही आवडेल. 'इत्सुमो नान्दो देमो' किंवा 1986 च्या 'लापुता' या चित्रपटातले जो हिसाइशी यांच्या संगीताचे 'किमी ओ नोसेते' यासाठी चांगले आहे. मुलांना नाचायला लावणारे गाणे दुसरे ठेवावे. क्रम उलटा केला तर गोंगाटानंतर शांत गाणे कोणी ऐकत नाही.

कार्यक्रमपत्रिकेत बँडला सर्वांत शेवटी टाकण्याची पद्धत आहे आणि ती धोक्याची आहे. भाषणे आणि बक्षीस समारंभ लांबतात, रात्री दहानंतर लाउडस्पीकर लावता येत नाही, आणि मग कात्री लागते ती बँडलाच. बक्षीस समारंभाच्या आधीची वेळ मागून घ्यावी.

सराव आणि साउंड

कर्नाटकातल्या शाळांना मोठी सुट्टी दसऱ्याला मिळते, दिवाळीला मोजकेच दिवस मिळतात. कोल्हापूरकडच्या मावसभावंडांचे वेळापत्रक याच्या उलट असते, हे त्यांच्या सल्ल्याने सराव आखणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. गाणी गणेशोत्सवानंतर लगेच ठरवावीत, दसऱ्याच्या सुट्टीत प्रत्येकाने आपापला भाग पाठ करावा आणि शाळा उघडल्यावर एकत्र बसावे. दहावीचे विद्यार्थी घेतले तर मार्चमधल्या परीक्षेमुळे जानेवारीत ते सरावाला येत नाहीत, म्हणून मुख्य गायक नववीचा असलेला बरा.

आपल्याकडचे साउंडवाले बहुधा पेन ड्राइव्हवरचे ट्रॅक आणि दोन माइक एवढीच तयारी ठेवून येतात. बँडला दोन गायनाचे माइक, कीबोर्ड व गिटारसाठी थेट जोडण्याच्या तारा, कहोनसाठी एक माइक आणि गायकांकडे तोंड केलेला एक मॉनिटर स्पीकर लागतो. मॉनिटर नसेल तर गायकाला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही आणि तो हमखास चढतो. ही यादी आठ दिवस आधी कागदावर लिहून द्यावी. मॉनिटर मिळणार नाही असे कळले, तर दोन गाण्यांपैकी ज्यात कीबोर्ड सतत सूर धरून असतो तेच ठेवावे आणि दुसरे सोडून द्यावे.

राहता राहिला हक्कांचा प्रश्न. भारतीय कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये शैक्षणिक संस्थेच्या उपक्रमात विद्यार्थी आणि शिक्षक यांनी सादर केलेल्या संगीताला सवलत आहे. श्रोते विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि संस्थेशी संबंधित मंडळी एवढेच असतील तर शाळेतल्या सादरीकरणाची चिंता करण्याचे कारण नाही. तिकीट लावून बाहेरच्यांना बोलावले तर मात्र त्या सवलतीवर विसंबू नये. सादरीकरणाचा व्हिडिओ यूट्यूबवर टाकणे ही वेगळी गोष्ट आहे. तिथे मूळ हक्कदार कंपनीचा दावा लागू शकतो आणि व्हिडिओचा आवाज बंद होऊ शकतो किंवा व्हिडिओ काढलाही जाऊ शकतो, त्यामुळे पालकांसाठी चित्रीकरणाची प्रत पेन ड्राइव्हवर शाळेतच ठेवावी आणि ज्यांना हवी त्यांनी तिथून नक्कल करून घ्यावी.